दुपारच्या पाळीतला एक तास

"तू इथं काय करतेस?"

सात वर्षांत माझ्या जावेशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. तेही कारखान्याच्या फाटकात, भर उन्हात, वॉचमनच्या देखत.

ती डबा छातीशी धरून उभी होती. तिनंही इतक्या वर्षांनी तोंड उघडलं ते माझ्यावर ओरडायलाच.

"मी काय करतेय? माझी पाळी आहे! तुमची सकाळची ना?"

"माझी? सकाळची तुझी!"

"मला कोणी सांगितलं?"

"आणि मला कोणी सांगितलं?"

वॉचमननं खिडकीतून मान बाहेर काढली. "म्हणजे सकाळी तुमच्या टेबलावर खरंच कोणी नव्हतं? मला वाटलं, बायका चेष्टा करतायत." त्यानं आमच्या दोघींच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं. "जा, आत जा लवकर. साहेबांनी टेबल आडवं केलंय म्हणे तुमचं."

आता मुळापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल या दोन बायकांना वेड लागलंय. लागलंच होतं म्हणा.

आमच्या कारखान्यात बुटांची खोकी होतात. पुठ्ठ्याचे कापलेले ताव येतात. त्यांना कडेनं ब्रशनं खळ लावायची, आणि खळ ओली आहे तोवर चारी बाजू उचलून कोपरे दाबायचे. एका टेबलाला दोन बायका. मी खळ लावायची, ती घडी घालायची. मी मोठी जाऊ, ती धाकटी, म्हणून अख्खा हॉल आम्हाला मोठी आणि धाकटी याच नावांनी ओळखतो. जोडी आमची चांगली. मी ब्रश उचलला की तिचे हात तावाखाली आलेलेच असायचे. फक्त बोलायचो नाही.

का, तर घराची वाटणी झाली तेव्हा एका पातेल्यावरून बिनसलं. पुढचं विचारू नका, सांगताना माझी मलाच लाज वाटते. भिंतीला भिंत लागून दोन घरं, आणि निरोप सासूबाईंमार्फत. "तिला सांगा, नळाला पाणी आलंय." "तिला सांगा, दिसतंय मला." गेल्या महिन्यात सासूबाई लेकीकडे राहायला गेल्या आणि आमचं पोस्ट ऑफिस बंद पडलं.

त्यात ही मंदी आली. पैसा आटला की माणूस पोटाला चिमटा घ्यायच्या आधी पायाला घेतो. जुने बूट शिवून आणतो, मोठ्याचे धाकट्याला घालतो. बूट खपेनात, तर खोकी कोणाला हवीत? आधी आमचा ओव्हरटाइम गेला. बरं झालं, कंबर तरी सरळ होईल, म्हणून आम्ही हसलो. मग शनिवार गेला. तेव्हा कोणी हसलं नाही. मग काल आमच्या हॉलच्या साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, आता टेबलाला एका वेळी एकच बाई. एकीनं सकाळी यायचं, एकीनं दुपारी. खळ तिनंच लावायची, घडीही तिनंच घालायची. अर्धा दिवस, अर्धा पगार.

"कोण सकाळी आणि कोण दुपारी, ते जोडीजोडीनं आपसात ठरवा," साहेब म्हणाले. "माझ्यापर्यंत भांडणं आणायची नाहीत. मला टेबल भरलेलं दिसलं पाहिजे, बस."

बाकीच्या जोड्यांचं फाटकापर्यंत जाता जाता ठरलं. आम्ही दोघी रस्त्याच्या दोन कडांनी घरी आलो.

सकाळची पाळी चांगली हे शेंबडं पोरही सांगेल. दुपारी पत्रा तापतो, खळ बघता बघता वाळते, जीव नकोसा होतो. शिवाय सकाळी सुटलेल्या बाईला उरलेल्या दिवसात दुसरं काही काम धरता येतं. मला धरायचंच होतं. नवरा हीच खोकी पोचवणारा ट्रक चालवतो. खोकी नाहीत तर ट्रकही उभा, आणि ट्रक उभा की नवराही घरात उभा. लेकीचं कॉलेज चालू. म्हणजे सकाळ मला हवी होती, अगदी हवी होती.

पण मी मनाशी म्हटलं, सकाळ मी घेतली तर ही बाई जन्मभर ऐकवेल. न बोलता ऐकवेल, तिला ते छान जमतं. मोठीनं बघा कसा चांगला वाटा उचलला. नकोच ते. घे बाई तू सकाळ, मी बसते भट्टीत. हे तिला जाऊन सांगितलं का? छे! तिला कळेल असं धरून चालले. सकाळी भिंतीपलीकडे दार वाजलं तेव्हा म्हटलं, गेली कामावर.

दार वाजलं होतं ते माझा दीर बाहेर पडला म्हणून. आणि तिनं माझं दार वाजलेलं ऐकलं, ती माझी लेक कॉलेजला निघालेली. धाकटीनंही घरात बसून अगदी हाच विचार केला होता: मोठीला घेऊ दे सकाळ, मला तिचे उपकार नकोत. अशा आम्ही दोघी शहाण्या, सकाळभर आपापल्या घरात भांडी घासत बसलो होतो.

हॉलमध्ये शिरलो तर आमचं टेबल खरंच एका कुशीवर पाडून भिंतीला लावलेलं. बाकीच्या टेबलांवर दुपारच्या बायका एकेकट्या बसलेल्या. आम्हाला बघून सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला तेच जास्त लागलं.

साहेब आले. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

"वरून निरोप आहे, एक टेबल कमी करा," ते म्हणाले. "चार दिवस माझं डोकं फिरलंय, कोणाचं काढू म्हणून. सगळ्या सारख्याच कामाच्या. आणि आज सकाळी तुमचं रिकामं दिसलं."

"साहेब, चुकलं आमचं. घोटाळा झाला."

"कळतंय हो मला. पण मी वर काय सांगू? भरलेलं टेबल काढलं आणि रिकामं ठेवलं?"

पण लगेच हात टेकेन ती मी कसली! टेबल गेलं तर आम्ही दोघी गेलो. एका छपराखालच्या दोन्ही घरांतला आमचा पगार एका दिवसात बंद. मी बोलून बसले, "आम्ही दोघी आहोत ना आता! सकाळचा ढीग आणि दुपारचा ढीग, दोन्ही संध्याकाळच्या आत उडवून दाखवतो. मग तर झालं?"

हॉलमधले सगळे ब्रश थांबले. साहेबांच्या कपाळावरची आठी जरा सुटल्यासारखी वाटली. तेवढ्यात धाकटीनं माझं मनगट धरलं.

"नाही साहेब," ती म्हणाली. "तसं नको."

"अगं..."

"जाऊबाई, आज आपण दाखवलं की उद्या सगळ्यांकडून तेवढंच मागतील." ती हळूच बोलत होती, पण हॉल इतका शांत होता की शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं. "मग एक टेबल कशाला, तीन काढता येतील."

"मग काय करू? देऊ सोडून? टाळ्या वाजवू?"

"ते मला माहीत नाही. पण हे करायचं नाही."

काय राग आला मला! सात वर्षांनी बोलली, आणि बोलली ती चारचौघांत माझी चूक काढायला. आणि चूक खरी होती. मी इकडेतिकडे पाहिलं. एकही बाई आमच्याकडे बघत नव्हती, पण एकीचाही हात चालत नव्हता. आपलं टेबल वाचवायला मी या सगळ्यांच्या पोटावर पाय द्यायला निघाले होते, आणि ते त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

मी घामेजलेला चेहरा पुसला. "साहेब, एक सांगा. वरच्यांना नको काय झालंय, टेबल की पगार?"

"म्हणजे?"

"लाकडाला काही ते पगार देत नाहीत. त्यांना तासच कमी करायचेत ना? मग सगळ्यांचे थोडे थोडे कापा. टेबल राहू दे."

साहेब बोटांवर काहीतरी मोजत राहिले. मग म्हणाले, "दुपारच्या पाळीनं एक तास आधी उठायचं म्हटलं तर सगळ्यांचे मिळून एका टेबलाचा दिवस सुटतो. वर पटवता येईल." मग त्यांनी मान हलवली. "पण मी नाही सांगणार त्यांना. कालच अर्धा दिवस कापलाय मी, आता पुन्हा कात्री घेऊन उभा राहणार नाही. तुम्ही विचारा. आणि मला तोंडचं हो नको. आज हो म्हणतील आणि उद्या घरून विचार बदलून येतील. भोंग्याच्या तासभर आधी मी दारात उभा राहीन. सगळ्या उठल्या तर टेबल राहिलं. एक जरी बसून राहिली, तरी उद्या सकाळी ते गोदामात."

ते गेले. राहिलो आम्ही आणि त्या सगळ्या.

शेजारणीकडे मी कधी वाटीभर साखर मागायला गेले नाही. घरात नसली की बिनसाखरेचा चहा प्यायचा आणि वर म्हणायचं, आम्हाला असाच आवडतो. ती मी हॉलच्या मधोमध उभी राहिले. हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून खळीचं फडकंच धरून ठेवलं.

"बायांनो," मी म्हणाले, "सकाळी टेबल रिकामं राहिलं ते आमच्यामुळे. आम्ही एकमेकींना साधं विचारलंही नाही. यात तुमचा काडीचा दोष नाही. तरी मागतेय. रोजचा एक तास द्या. हवं तर जोडीदारणीशी पाळी आलटूनपालटून घ्या, म्हणजे एकीवरच सगळं पडणार नाही. आमच्या टेबलाचाही तास कापला जाईलच. आणखी मला काही बोलता येत नाही."

कोपऱ्यातल्या टेबलावरून लगेच आवाज आला. तिथं बसते तिला आम्ही ठसका म्हणतो. तिच्या तोंडासमोर उभं राहिलं की लागतोच.

"वा गं वा! तुम्ही दोघी रुसून बसायचं आणि त्याचा भुर्दंड आम्ही भरायचा? अर्धं तर आधीच गेलंय. माझ्या नवऱ्याचा कारखाना बंद होऊन किती महिने झाले, माहीत आहे ना? माझ्या घरात दुसरं कोण कमावतंय, सांग!"

धाकटीच म्हणाली, "तुझं बरोबर आहे."

ठसका भांडायच्या तयारीनं उठली होती. समोरून कोणी भांडेना म्हटल्यावर ती तशीच उभी राहिली आणि मग खाली बसली.

हॉलमध्ये सगळ्यांत जुनी म्हणजे आत्या. या पुठ्ठ्यांवर तिचे केस पांढरे झालेत. ती खाली बघूनच बोलली, "आज रिकामं होतं म्हणून यांचं आडवं केलं. उद्या मला ताप आला की माझं करतील. मी तर उठणार बाई. माझ्या जोडीदारणीला मी समजावते."

"तुम्ही उठा," ठसका म्हणाली. "मी उठणार नाही. आत्ताच सांगून ठेवते, नंतर म्हणू नका."

आम्ही दोघींनी टेबल उचलून सरळ केलं. एक पाय लंगडत होता, त्याखाली धाकटीनं पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला. पगार तर एकीचाच मिळणार होता, तरी दोघी बसलो. मी खळ लावली, तिनं घडी घातली. मुद्दाम घाई केली नाही, मुद्दाम रेंगाळलो नाही. मागं कुजबुज चालू होती. एकदा कोणीतरी हसलं, एकदा कोणीतरी ठसक्याला काही म्हणालं आणि ती "नाही म्हणजे नाही" म्हणून फिस्कटली. माझं लक्ष मागंच होतं आणि खळ ओघळत होती. धाकटी बोटानं ओघळ पुसून घ्यायची.

साहेब दारात येऊन उभे राहिले.

आधी कोणीच हललं नाही. मग आत्यानं ब्रश पाण्यात बुडवला, हात पुसले, गुडघ्यावर हात ठेवून "आई गं" केलं आणि उठली. तिच्या मागची उठली. मग खिडकीजवळच्या दोघी एकदमच उठल्या. एकेक स्टूल मागं सरकत होतं, आणि प्रत्येक आवाज मी मोजत होते. आम्हीही उठलो. सगळ्या दाराशी गोळा झाल्या.

ठसका बसलेली होती. नुसती बसलेली नाही, तिनं नवा ताव पुढं ओढला आणि ब्रश खळीत बुडवला.

ती कडेनं खळ लावत होती, एक बाजू, दुसरी, तिसरी. मला ओरडावंसं वाटत होतं, पाया पडावंसं वाटत होतं. माझं पाऊल पुढं पडलंसुद्धा, तर धाकटीनं मागून धरलं. "नका," ती म्हणाली. "तिचा तास आहे. तिला ठरवू दे."

साहेबांनी एकदा घड्याळ पाहिलं. ठसक्यानं घडी घातली. चारी कोपरे अंगठ्यानं दाबून धरले. खळ धरेपर्यंत धरावेच लागतात, नाहीतर खोकं उघडतं आणि ताव वाया जातो. तिनं ते चांगलं निवांत धरलं, आम्ही कोणी तिथं नसल्यासारखं. मग खोकं ढिगावर ठेवलं. आता पुढचा ताव उचलते की काय, म्हणून मी डोळेच मिटून घेतले.

उघडले तेव्हा ती खळीच्या भांड्यावर ओलं फडकं घालत होती. दिवस संपल्याशिवाय ते फडकं कोणी घालत नाही. मी धाकटीच्या खांद्याचा आधार घेतला.

ठसका उठली, डबा घेतला आणि आमच्याकडे न बघता दारातून गेली. साहेब तिच्यासाठी बाजूला सरले. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "टेबल राहू दे तिथंच. पण उद्या सकाळी एक आणि दुपारी एक. कोण कधी ते आजच्या आज ठरवा, पाया पडतो तुमच्या."

बाहेर ऊन होतं. चांगलं लख्ख ऊन. या वेळी आम्ही फाटकाबाहेर कधी नसायचोच, त्यामुळे कोणालाच पटकन घरी जायचं सुचेना. बायका रस्त्याच्या कडेला घोळका करून उभ्या राहिल्या. एक तास होता हातात, बिनपगाराचा. कोणी डोळ्यांवर हात धरून रस्ता बघत होती, कोणी उगाच डब्याचं झाकण घट्ट करत होती. आभार कसे मानायचे ते मला ठाऊक नव्हतं. मी ठसक्याजवळ गेले.

"काही बोलू नकोस," ती म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. "मी आज घरी काय सांगणार, ते माझं मी बघते. तुम्ही दोघी फक्त एक करा. आता घरापर्यंत बोलत जा. माझा तास गेलाय त्यात."

ती निघाली. आम्हीही निघालो, रस्त्याच्या एकाच कडेनं. बोलायचं होतं, पण काय बोलायचं? इतक्या वर्षांचं साचलेलं, त्यातलं आधी काय काढायचं तेच कळेना. वळणावर धाकटी थांबली.

"जाऊबाई, सकाळ तुम्ही घ्या," ती म्हणाली. "तुम्हाला दुसरं काम बघायचंय. भिंत पातळ आहे, ऐकू येतं मला. भावजींशी बोलत होतात."

'नको' हा शब्द माझ्या तोंडात तयारच होता. नको, तूच घे, माझं चालेल, मला ऊन लागत नाही. जन्मभर हेच म्हणत आले. मी तो शब्द गिळला.

"घेते," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि आम्ही पुढं चालू लागलो.